ओक्केसाहेब आणि ओली नळी

"ए पोरांनो, हात लावू नका! रंग ओला आहे!" सभागृहाचे व्यवस्थापक गरजले.

गरजणं त्यांना झकास जमायचं; डोकं चालवणं मात्र नाही! काहीही विचारा, उत्तर एकच, "ओक्के आहे!" म्हणून मुलांनी त्यांचं नावच ओक्केसाहेब ठेवलं होतं.

सुट्टीत आत्याकडे आलेली मिरची आणि आत्याचा मुलगा चष्मिस रंगमंचाखाली वाकून बघत होते. संध्याकाळी याच लाकडी रंगमंचावर आत्याच्या नाचाच्या वर्गातल्या मुली नाचणार होत्या. मिरचीची धाकटी बहीण छकुली तर सगळ्यांत पुढे!

"साहेब, काल आम्ही खांबावर चढलेली ही मातीची नळी मोडली होती," मिरची म्हणाली. "आज पुन्हा जोडलीय, मातीही ओली आहे. आत जिवंत वाळवी आहे!"

"हॅ! गेल्या वर्षीच मारली मी. फवारा मारला, आता वर नवा रंगही दिला. ओक्के!"

"नळीतली तेवढी मेली," चष्मिस म्हणाला. "वारूळ जमिनीखाली आहे! तुमचा नळ गळतोय, तिथल्या ओलाव्यातून नळी वर चढलीय. उघड्यावर वाळवी सुकून मरते, म्हणून झाकलेल्या वाटेनं येते. लाकूड आतून पोखरते, वरचा पापुद्रा तेवढा ठेवते."

"दीडशहाणे! नाक पुसता येत नाही आणि मला शिकवतात!"

मुलं आत्याकडे धावली. पण आत्याला कुठे सवड? "साहेब ओक्के म्हणतात ना? मग झालं!"

मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मोठ्यांपुढे शब्द वाया घालवण्यात अर्थच नव्हता. ती गोड आवाजात म्हणाली, "साहेब, आत्याची खात्री पटायला हवी. त्या नळीवरच्या कोपऱ्यात एकदा पाय आपटून दाखवता?"

"एकदा काय, दहादा!" साहेब छाती फुगवून वर चढले.

धप्प! कडाड!!

पाय गुडघ्यापर्यंत आत! फुटक्या फळीतून पांढुरक्या किड्यांची झुंबड उसळली आणि साहेबांच्या विजारीवर चढली.

"अगं बाई!" आत्यानं छकुलीला घट्ट जवळ ओढलं.

खरचटलेला पाय चोळत साहेब पुटपुटले, "मला शंका होतीच..."

"शंका होती?" आत्या कडाडली. "मग माझ्या पोरींना वर का चढवत होतात?"

साहेब विजारीवरचे किडे झटकू लागले.

कार्यक्रम अंगणातच झाला. शेवटी आत्यानं मिरची आणि चष्मिसला सगळ्यांसमोर बोलावलं.

"आज या मुली धडधाकट घरी जाताहेत त्या या दोघांमुळे," ती म्हणाली. "हे मला सांगायला आले होते. मी ऐकलं नाही."