ओट्यावर ठेवलेली डबी

मृणालीच्या बोलेरोत मागच्या सीटवर तंबू होता, स्टोव्ह होता, आणि तिच्या आईने बळेच कोंबलेला सुक्या बोंबलांचा डबा होता. निवेदिताच्या मांडीवर फक्त शबनम होती आणि शबनममध्ये स्टीलची एक डबी. भिवंडी सुटली, खारबावची वळणं मागे पडली, तरी दोघी त्या डबीविषयी बोलल्या नव्हत्या.

"बोंबलांचा वास बाईंना चालंल ना गो?" अखेर मृणालीनेच विषय काढला.

"आता काय चालायचंय आणि काय नाही."

"तसं न्हाय. शाळेत मी डबा उघडला का बाई गुपचूप खिडकी उघडायच्या. पण तोंडाने कधी बोलल्या न्हाईत."

निवेदिताला हसू आलं, आणि आल्याचं नवल वाटलं.

तिची आई, सुचेताबाई, भूगोल शिकवायची. शाळेच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत असायचे. त्यांच्यावर आवाज चढवून तिने मुलांच्या कितीतरी तुकड्यांना कच्छचं रण शिकवलं. स्वतः कधी पाहिलं नाही. दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर ती गेली. धाकट्या भावाने, आल्हादने, अस्थी नाशिकला नेल्या. त्याच्या आधी निवेदिताने त्यातली मूठभर राख या डबीत बाजूला काढली. आईला रण दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. ठरवायला काही लागत नाही. पण डबी रिकामी झाली की आई खरोखरच गेली, हे तिला कळत होतं, आणि जानेवारी उजाडला तरी डबी कपाटातच होती. मृणालीला ते ठाऊक होतं. "आमच्यात म्हणतात, राख घरात राहिली का माणूस अडकतं," एवढंच म्हणून तिने बापाकडून गाडी मागून घेतली. निवेदिताचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता.

सुरजबारीचा पूल ओलांडून गाडी कच्छमध्ये शिरली तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठाच्या राशी दिसू लागल्या. पुढचे दिवस मृणालीने आखले होते. एरंडेलाच्या घट्ट रंगाने कापडावर वेली काढणारा एक म्हातारा त्यांनी पाहिला. गुरांच्या गळ्यातल्या घंटा ठोकून-ठोकून सुरात आणणारा लोहार पाहिला. रात्री तंबू. वारा पडला की तिथे इतकं शांत व्हायचं की निवेदिताला झोप लागत नसे. भिवंडीच्या माणसाला मागांचा आवाज थांबला की जाग येते.

रण एका दिवसाच्या अंतरावर राहिलं, तेव्हा दोघी विणकरांच्या एका वाडीत थांबल्या. भूकंपानंतर बांधलेली नवी घरं, पुढे शेणाने सारवलेले ओटे, आणि ओट्यावर खड्डा करून बसवलेला हातमाग. खेमजीभाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांची बायको लाखीबेन जुन्या ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, टोकांना नव्या ताण्याचे धागे पिळून जोडत होती. बोट राखेत बुडवायचं, दोन टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा, की जोड बसला. गाठ नाही, काही नाही.

"यह ताना मेरे दादा के टाइम से चालू है," खेमजीभाई म्हणाले. "नया जुड़ता जाता है. पूरा कभी काटा नहीं."

लाखीबेनने त्यांना चहाला आत बोलावलं. निवेदिता उंबऱ्याशी अडखळली. अस्थी परक्या घरात नेत नाहीत. आईच्या अस्थीही नाशिकला जाईपर्यंत अंगणातल्या झाडाला टांगून ठेवल्या होत्या. कुणाच्या चुलीपर्यंत ती राख कशी न्यायची? तिने डबी काढली आणि ओट्यावर, मागाच्या कडेला, भिंतीला टेकवून नीट ठेवली. मग आत गेली.

लाखीबेन चहा देऊन बाहेर गेली. या दोघी तिच्या सुनेशी बोलत बसल्या. सुनेने भरलेल्या आरशांच्या चोळ्या पाहिल्या, मृणालीने एक पसंत केली. बाहेर आल्या तेव्हा डबी लाखीबेनच्या गुडघ्याशी उघडी होती.

तिची बोटं करडी झाली होती.

"तुम्हारी राख बहुत बारीक है, बेन," ती कौतुकाने म्हणाली. "धागा फिसलता ही नहीं."

त्या वाडीत नवा ताणा जोडायचा असला की शेजारणी आपापल्या चुलीची राख आणून मागापाशी ठेवतात. हे खेमजीभाईंनी मागाहून सांगितलं. पाहुण्या बाईला आपली रीत माहीत, म्हणून लाखीबेनला भरून आलं होतं.

"सांग तिला," मृणाली कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता.

"नको."

"अगो, बाई हायत त्या!"

"म्हणूनच नको. ती घाबरेल. धुऊन टाकेल."

डबीच्या तळाला पांढरट पुसटसा थर राहिला होता. निवेदिताने झाकण लावलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्या ताण्याची एक शाल तिने मागितली आणि खेमजीभाईंना घरचा पत्ता आणि फोन नंबर दिला.

खेमजीभाईंनी विणायला घेतलं. नव्या ताण्याचे जोड मागाच्या फणीतून जाताना दोन-चार तुटतातच, म्हणून लाखीबेन शेजारी तयारीत बसली. एकही तुटला नाही. जोड सगळे सरकून पुढे गेले तरी ती उठली नाही. उलट चटईवर थोडी बाजूला सरकली, बसल्या जागी, कुणाला जागा करून द्यावी तशी. ओटा तर रिकामाच होता.

वाडीच्या कडेला त्यांनी तंबू ठोकला. सूर्य मावळताना लाखीबेन बाजरीचे रोटले आणि ताक घेऊन आली. काखेत एक जाड गोधडी होती.

"हमारे पास है, माँजी," मृणाली म्हणाली.

"तुम्हारे लिए नहीं. बूढ़े लोगों को ठंड ज़्यादा लगती है."

गोधडी तंबूच्या तोंडाशी ठेवून ती निघून गेली. मृणाली कितीतरी वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

"म्हातारं कोन हाय इथं?"

निवेदिताने रोटले ताटलीत काढले. भाषेचा घोटाळा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी गोधडी तंबूपाशी नव्हती.

ती ओट्यावर होती, मागाजवळ. पसरलेली. कुणी नुकतंच उठून गेल्यावर राहतो तसा तिच्यात खळगा होता.

निवेदिताने खळग्यात तळहात ठेवून पाहिला. ऊब होती. बाकीचा ओटा थंडगार पडला होता.

"चल," मृणाली म्हणाली. "चल ना गो निवे, रण बघायचंय ना?"

रण पांढरं होतं. आई सांगायची तसंच, नजर ठरत नाही असं. निवेदिता मिठावरून चालत पुढे गेली, तिने डबी उघडून पालथी केली. काहीच पडलं नाही. तळाचा थरसुद्धा नव्हता. डबी आतून लखलखीत होती, घासून पुसून पालथी घातल्यासारखी.

परतीच्या वाटेवर मृणालीने, येताना बाईंसाठी उघडी ठेवलेली मागची काच न विचारता वर केली.

"गाडीत मोकळं वाटतंय," ती म्हणाली. "येताना असं न्हवतं."

फेब्रुवारीत शाल आली. साधी, राखाडी, काठाला पांढरी रेघ. निवेदिताने ती घडी मोडून अंगावर घेतली. छान होती. ऊबदार होती. पण तिच्यात आई नव्हती. नाक खुपसून, डोळे मिटून तिने पुन्हा पाहिलं. नव्हती.

तेव्हा ती रडली. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, म्हणून मोकळं रडता आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंगमुळे गल्लीतले सगळे माग बंद पडले आणि त्या शांततेत फोन वाजला. खेमजीभाई होते. शाल मिळाली का, पसंत पडली का, त्यांनी चौकशी केली. त्यांच्या मागे हातमागाचा आवाज येत होता, ठक, ठक, सावकाश. शिकाऊ हात असावा.

"कौन बुन रहा है?" निवेदिताने विचारलं. "लाखीबेन?"

"लाखी तो रोटी बना रही है." ते जरा घुटमळले. "बेन, आप फ़िकर मत करना. जितने दिन रहना चाहें, रहें. हमें कोई तकलीफ़ नहीं. बहुत अच्छे से सीख रही हैं."

निवेदिताने खुर्ची ओढली आणि बसली. तिला म्हणता आलं असतं, मी येते न्यायला. ते शब्द ओठांवर आले होते.

पलीकडे माग चालूच होता. ठक, ठक. एकदा चुकला. थांबला. पुन्हा लागला.

"उनका ख़याल रखिए," ती म्हणाली.

"वो क्या कहने की बात है! बस, एक बात पूछनी थी. चाय में शक्कर कितनी लेती हैं?"

"फीकी," निवेदिता म्हणाली. "बिलकुल नहीं."

"अच्छा!" खेमजीभाई मोकळेपणी हसले. "वो भी यही बोलती हैं. हमको लगा, संकोच करती हैं."