पाचही हात शाबूत

थोरल्या भाच्याला मुलगी झाली, ते वर्ष. घरात कितीतरी वर्षांनी लहान बाळ आलं होतं. कधी रजा न घेणाऱ्या मावशीने त्या दिवसांत दुपारी समुद्रजीवांच्या संग्रहालयातून लवकर निघून बाळाला मांडीवर घ्यायचा सपाटाच लावला होता. पोरीला पहिला दात आला, सगळ्यांना चावून झालं, आणि त्याच आठवड्यात घरावर आभाळ कोसळलं.

फोन सकाळी आला.

"मॅडम, फौजदार बोलतोय. एक बाटली घेऊन येतो. तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही."

"कसली बाटली?"

"तुमच्या धाकट्या भाच्याच्या हातमोज्यात काहीतरी सापडलंय."

मावशीने फोन खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

धाकटा वाळूवर सापडला होता. अंगात पाणबुड्याचा काळा पोशाख, डोक्याला मागून मार, छातीत खारं पाणी. प्रवाळाच्या बेटाची राखण हे त्याचं काम. थोरल्याची स्वतःची होडी. प्रवाळ पाहायला येणाऱ्यांना तो घेऊन जायचा. अलीकडे दोघा भावांचं वाजलं होतं. "तुझ्या नांगरानं प्रवाळ फुटतंय," असं धाकटा धक्क्यावर चारचौघांत ओरडला होता, आणि थोरल्याने त्याच्यावर वल्हं उगारलं होतं, तेही चारचौघांतच. धाकटा गेला त्या दुपारी प्रवाळावर एकट्या थोरल्याची होडी होती. पोलिसांनी त्याला उचललं.

मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. समुद्रातल्या जिवांची बिनचूक ओळख पटवणं हे तिचं आयुष्यभराचं काम, आणि बहिणीची ही दोन पोरं हा तिचा जीव.

फौजदार संग्रहालयात आला तेव्हा चिमटा तिथेच होता. चिमटा म्हणजे तिचा सहकारी. नमुने तयार करून बाटल्यांत भरणं हे त्याचं काम. सदऱ्याच्या खिशात सदैव चिमटा, म्हणून ते नाव. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, अशी थट्टा चालायची. तरुण असताना तो मावशीच्या हाताखाली शिकला होता.

"बाई, तुम्ही नका बघू," तो हळूच म्हणाला. "मी बघतो. तुमच्या जिवाला त्रास."

"बघू दे मला."

फौजदाराने बाटली टेबलावर ठेवली. "डॉक्टरांनी मोजा कात्रीनं कापून उघडला. तळहाताशी हे होतं. आहे तसं उचलून बाटलीत ठेवलं." त्याने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "सर्दीच्या मलमासारखा वास येतोय."

"शवागारातली माणसं नाकाखाली चोळतात," चिमटा म्हणाला. "दुसरा वास सहन होत नाही ना."

मावशीला कसलाच वास आला नाही. रडून रडून तिचं नाक चोंदलं होतं.

बाटलीत भंगुरतारा होता. बटणाएवढी चकती आणि तिच्यातून निघालेले, सापाच्या पिल्लांसारखे लांब, निमुळते हात. भंगुर अशासाठी की जरा धक्का लागला की हा प्राणी स्वतःचाच हात तोडून देतो आणि निसटतो. तुटलेला हात मागाहून नवा फुटतो.

"काय विचारायचंय?" मावशी म्हणाली.

"एवढंच, की हा राहतो कुठं? धक्क्याजवळच्या चिखलात राहणारा असला, तर धाकटा धक्क्याशी मेला. थोरला तेव्हा तिथं नव्हता. तो सुटला."

"आणि प्रवाळावरचा असला तर?"

फौजदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तर तिथं दुसरं कुणी नव्हतं, मॅडम. दुपारी त्याला न्यायाधीशांपुढे उभं करायचंय. तुम्ही त्याची मावशी आहात, कळतंय मला. पण दुसरा जाणकार परमुलखात आहे. म्हणून म्हटलं, हे शेजारी बसतील, साक्षीला."

चिमट्याने दिवा पुढे सरकवला.

मावशी सूक्ष्मदर्शकावर वाकली. चिखलातल्या जातीचे काटे आखूड आणि बोथट असतात. तसेच दिसू देत, असं तिने मनाशी कितीदा म्हटलं. पण भिंगाखाली काचेसारखे आरपार दिसणारे लांब काटे उभे राहिले, कडांना करवतीचे दात असलेले. चकतीवर ढालीसारखी उघडी, गुळगुळीत कवचं. आणि प्रत्येक हातावरून टोकापर्यंत गेलेली एकच जांभळी रेघ.

तिने एक हात पाहिला, मग दुसरा, मग सगळे. प्रत्येकाने तेच सांगितलं.

"थोडा वेळ द्या," ती म्हणाली आणि बाहेर आली.

बाहेर जिन्यावर बहीण बसली होती. दोन दिवसांत निम्मी झालेली.

"ताई, कुठला आहे?"

मावशी कठड्याला टेकली.

"चिखलातला म्हण." बहिणीने तिचं मनगट धरलं. "तू म्हणशील ते ते लिहून घेणार. तुला खोटी पाडणारा आहे कोण या गावात? एक गेला माझा. आता दुसऱ्याला तू नेऊ नकोस."

"चिमटा शेजारी बसलाय."

"तो तुझ्या शब्दाबाहेर जाईल होय? ताई, पाया पडते तुझ्या."

मावशी जिन्यावर तिच्या शेजारी बसली. खोटं सांगायला तिची काही हरकत नव्हती. आयुष्यभराचं नाव पाण्यात गेलं असतं तर जाऊ दे. पण धाकटा चिखलात मेला असं ती म्हणाली, तर ज्याने त्याला मारलं त्याचा माग कायमचा चिखलात जाणार होता. आणि मनाच्या तळाशी एक काळा प्रश्न होता, जो ती बहिणीला विचारू शकत नव्हती. थोरल्याने खरंच केलं असेल तर?

ती आत गेली.

"प्रवाळावरचा," ती म्हणाली. "पंख्यासारखं प्रवाळ असतं. त्याच्या फांद्यांना विळखा घालून राहतो. दुसरीकडे कुठेच नाही."

दारात उभ्या बहिणीने ते ऐकलं. "तुझ्या पोटचा नाही ना," एवढंच बोलली आणि जिना उतरून गेली.

चिमट्याने मान खाली घातली. "तुम्ही तुमचं काम केलंत, बाई."

फौजदाराने बाटली तिच्याकडेच ठेवली, लेखी मत लिहून होईपर्यंत. ती मात्र तडक कोठडीकडे गेली. तिला थोरल्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

थोरला गजांशी आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मावशी, पोरगी कशी आहे?"

"हिरड्या शिवशिवतात तिच्या. तू सांग. केलंस?"

"तूसुद्धा?"

"मला हो किंवा नाही ऐकायचंय."

"नाही." तो गजांवर डोकं टेकून बोलला. "वल्हं उगारलं मी. लहानपणी तो माझा डबा पळवायचा तेव्हाही उगारायचो. कधी लागलंय त्याला?"

"प्रवाळावर कशाला गेला होतास?"

"बोया बांधायला! त्यानंच सांगितलं होतं. तरंगता बोया असला की होडी त्यालाच बांधायची, नांगर टाकायला नको. आमचं मिटलं होतं, मावशी. आदल्या रात्री घरी आला, म्हणाला, दादा, चुकलो, तुझा नांगर नव्हे तो. फुटलेल्या जागी छिन्नीच्या खुणा आहेत. कुणीतरी जिवंत प्रवाळ कापून नेतंय."

"कोण?"

"ते बोलला नाही. म्हणाला, आधी मावशीला विचारतो. तिच्याकडेच जातो दुपारी, पाण्यात उतरायच्या आधी."

"माझ्याकडे?"

"हो. फौजदारालाही हे सांगितलं मी. त्यानं तुमच्या चिमट्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, दिवसभर कुणी फिरकलं नाही."

मावशी गजांना धरून उभी राहिली. त्या दुपारी ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. धाकटा तिला विचारायला गेला आणि ती जागेवर नव्हती.

"मावशी, सोडव गं मला," थोरला म्हणाला. एवढा मोठा पुरुष, लहान पोरासारखा.

ती संग्रहालयात परतली तेव्हा चिमटा जेवायला गेला होता. तिने तोंड धुतलं, नाक शिंकरलं आणि बाटली उघडली. या वेळी तिलाही वास आला. मलमाचा वास, थंडगार, डोळ्यांत जाणारा. हा वास तिने याच खोलीत हजारदा घेतला होता.

ती पुन्हा भिंगावर वाकली. पण आता काटे पाहायला नाही. सकाळी ती घाबरलेल्या बाईसारखी जात शोधत होती. प्राण्याकडे तिने पाहिलंच नव्हतं.

पाच हात. पाचही शाबूत, केसाएवढ्या टोकापर्यंत.

तिने फौजदाराला फोन लावला. "न्यायाधीशांकडे जाऊ नका. इकडे या. आणि माणसं घेऊन या."

चिमटा हात पुसत आत आला तेव्हा फौजदार खिडकीशी उभा होता. टेबलावर पाण्याची बशी होती आणि तिच्यात संग्रहालयामागच्या खाऱ्या पाण्याच्या हौदातून आणलेला जिवंत भंगुरतारा, तोच, जांभळ्या रेघेचा. शेजारी एक काळा हातमोजा.

"काय चाललंय, बाई?"

"फौजदारांना दाखवतेय, तारा मोज्यात कसा शिरतो ते." मावशीने तारा ओंजळीत उचलला आणि मोज्याच्या तोंडाशी नेऊन अंगठ्याने आत रेटू लागली.

"अहो बाई, तुटेल!" चिमटा धावला. त्याने तिचा हात धरला. "असा कोरडा काय धरता? आधी मेंथॉल तरी..."

तो थांबला. ताऱ्याचे दोन हात टेबलावर पडून वळवळत होते.

"बोल की," मावशी म्हणाली. "आधी मेंथॉल तरी घाला. मीच शिकवलंय तुला."

"मला कुणीतरी समजावून सांगा," फौजदार म्हणाला.

मावशी खुर्चीत बसली. 

"फौजदारसाहेब, जिवंत तारा मोज्यात अडकला, तर आत्ता झालं तसं होतं. हात तोडतो. मेलेला असला, तर वाळक्या काडीसारखा मोडतो. माझा भाचा प्रवाळावर मेला आणि लाटांनी त्याला वाळूवर आणून टाकलं, असं तुम्ही म्हणता. खडकांवर आपटत, लोळत आलेल्या माणसाच्या मुठीत हा टिकला असता? याचं एक टोकसुद्धा गेलेलं नाही. म्हणजे भाच्याला लाटांनी आणलंच नाही. कुणीतरी उचलून वाळूवर ठेवलं, आणि त्यानंतर हा मोज्यात अलगद सरकवला."

"कुणीही ठेवला असेल."

"कुणीही नाही. ही जात फांदीला विळखा घालून राहते आणि मरतेही तशीच, आकसून. हा ताटात मांडल्यासारखा सपाट आहे. पाण्यात मेंथॉलचे खडे टाकायचे, तारा गुंगीत गेला की चिमट्याने एकेक हात सरळ करायचा, मग स्पिरिटात घट्ट होऊ द्यायचा. या किनाऱ्यावर हे काम दोनच माणसं करतात. तुम्हाला आला तो मलमाचा वास शवागारातला नव्हता. तो शवागारातला आहे, असं तुम्हाला सांगितलं कुणी, आठवा."

फौजदाराने चिमट्याकडे पाहिलं. "हे काम तुम्ही दोघंच करता म्हणता, मग तुम्ही स्वतः त्या दुपारी कुठं होतात?"

"बाळाजवळ. सगळं घर साक्षीला आहे." मावशी चिमट्याकडे वळली. "तो आला होता ना इथे? मला विचारायला, की छिन्नीनं इतकं सफाईनं जिवंत प्रवाळ कोण कापू शकतं?"

चिमटा कोरडे हात पुन्हा पुसू लागला.

"मी नव्हते. तू होतास. आणि मागच्या हौदात तू कापून आणलेली पंखाप्रवाळं त्याला दिसली. हौसेच्या काचपेट्यांत ठेवणाऱ्यांना तू ती पुरवतोस. ही जात त्यांच्याबरोबरच आली. आपल्या संग्रहासाठी आपण जिवंत पंखा कधी कापत नाही, मग आज ही माझ्या हौदात कशी?"

मागच्या दारातून एक हवालदार आला. त्याच्या तळहातावर एक शिट्टी होती, तुटलेल्या दोरीसकट. राखणदाराची शिट्टी. "हौदाच्या जाळीत अडकली होती, साहेब."

चिमटा स्टुलावर बसला. त्याने खिशातला चिमटा काढून टेबलावर ठेवला, नीट, कडेला समांतर.

"मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "बाईंना सांगतो म्हणाला. नोकरी गेली असती, त्याचं नाही. तुमच्या नजरेतून उतरलो असतो. मी ढकललं. कडेवर आपटला आणि पाण्यात गेला."

"श्वास चालू होता," मावशी म्हणाली. "छातीत पाणी होतं त्याच्या. तू वर काढलं नाहीस."

त्याने टेबलावरचा चिमटा पुन्हा सरळ केला.

"आणि मग थोरल्यावर घातलंस."

"प्रवाळावर तो एकटाच होता, हे धाकट्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं. अंधार पडल्यावर गाडीनं वाळूवर नेलं."

"हात का नाही तोडलेस त्याचे?" मावशीने विचारलं. "ताऱ्याचे. दोन हात तुटलेले असते, तर मला काही सुचलं नसतं. माझ्याच तोंडच्या शब्दावर माझं पोरगं आत गेलं असतं."

चिमट्याने बशीकडे पाहिलं.

"आलं होतं मनात," तो म्हणाला. "पण हाताला होईना, बाई."

त्याला नेलं. मावशीने टेबलावरचे दोन तुटके हात आणि तीन हातांचा तारा उचलून बशीत ठेवले आणि बशी हौदात नेऊन रिकामी केली. ज्या पाण्यात धाकटा गेला, त्यात तिची बोटं क्षणभर राहिली.

संध्याकाळी थोरला घरी आला. बहीण दारात उभी होती.  तिने बाळ आणून मावशीच्या मांडीवर ठेवलं, आणि मग तिथेच तिच्या गुडघ्याशी बसून मोठ्याने रडली.

बहिणीचा धाकटा मुलगा, प्रवाळाचा राखणदार, त्याच्या पुतणीला पहिला दात आला त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, संग्रहालयाच्या मागच्या हौदात मेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.