नानांचा पुठ्ठा

दवाखान्याच्या मागच्या पायरीवर रात्रपाळीच्या दोन शिकाऊ नर्सना जुने कंपाउंडरकाका सांगत होते. "मोबाइल खाली ठेवा, पोरींनो. हे कुठं वाचलेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे."

तो रेकॉर्ड रूमचा कारकून. फाइलींना वाळवी लागली होती. मोठ्या साहेबांनी त्याला सांगितलं, "फाइली बाहेरच्या कंपनीच्या गोदामात ठेवायच्या का? फायदे-तोटे लिहून आण." त्यानं कागदाला उभी घडी घातली. डावीकडे लिहिलं, वाळवी नाही, आगीची भीती नाही, रिकाम्या खोलीत दहा खाटा बसतील. उजवीकडे एकच ओळ. रात्री फाइल लागली तर?

"रात्री कोण मागतंय फाइल?" साहेब म्हणाले. "फोन केला की सकाळी हजर."

त्यानं ती ओळ खोडली आणि खाली सही केली.

त्याच्या आधी रेकॉर्ड सांभाळायचे पुठ्ठेनाना. फाइल काढली की तिच्या जागी पिवळा पुठ्ठा खोचायचे. त्यावर नंबर, तारीख, वेळ, कोणी नेली. "फाइल जाईल, येईल. तिची जागा मुकी राहता कामा नये," म्हणायचे. ते वारले त्याला दोन वर्षं झाली होती.

तीनशे खोकी भरली. चिकटपट्टी लागली, ट्रक गेला. मग कारकुनाच्या ध्यानात आलं, कुठली फाइल कुठल्या खोक्यात ते लिहिलेलं रजिस्टरसुद्धा खोक्यातच गेलं.

"म्हणजे किल्ली आत ठेवून पेटी बंद," एक पोरगी हसली.

काका हसले नाहीत.

चौदा तारीख नुकतीच लागली होती. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. कारकुनाची बहीण पोरीला उचलून आली, मागोमाग तोही. पाच वर्षांची भाची, अंगाची भट्टी झालेली, श्वास लागलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागं कुठल्या औषधानं सुजली होती?"

"नाव नाही हो आठवत. फाइलवर लाल शाईनं लिहिलंय. दादाकडेच असतात फाइली." तिनं भावाकडे पाहिलं. "आण ना, दादा."

दादानं गोदामाला फोन लावला.

"खोक्याचा नंबर सांगा."

"तो रजिस्टरमध्ये आहे."

"मग रजिस्टरच्या खोक्याचा सांगा."

त्याला तोही माहीत नव्हता. दोन वाजत आले. बहीण नुसती बघत होती. त्या नजरेपुढे उभं राहवेना, म्हणून तो रेकॉर्ड रूमकडे गेला. खोली रिकामी आहे हे ठाऊक असूनही गेला.

आत चाकांची शिडी सरकत होती.

सरकली. थांबली. कोणीतरी चढलं. रिकाम्या फळीवरून बोटं फिरली... उतरलं. पुढची फळी. मग कोरडा खोकला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता.

"नाना?"

शिडी थांबली.

मग अगदी हळू... "इथं नाही रे... कुठं ठेवलीस?"

काय सांगणार... शिडी दारापाशी आली. गार वारा त्याला घासून बाहेर गेला. मागं काहीच नाही.

डॉक्टरीणबाईंना थांबणं शक्य नव्हतं. दोन औषधं होती, त्यांतलं एक दिलं. पोरीचा चेहरा सुजला.

अडीचला ती गेली.

मघाशी हसलेलीनंच विचारलं, "आणि फाइल, काका?"

"चौथ्या दिवशी खोकं मिळालं. चिकटपट्टी जशीच्या तशी, तिच्यावर कारकुनाची सही. आमच्या सगळ्यांसमोर फोडलं. पोरीच्या फाइलीच्या आधीचा नंबर होता. नंतरचाही होता. मधली फाइल आजतागायत मिळालेली नाही."

काकांनी दोन्ही हातांनी पुठ्ठ्याएवढं माप दाखवलं.

"मध्ये पिवळा पुठ्ठा होता. अक्षर नानांचं. पोरीचा नंबर, चौदा तारीख, खाली नानांची सही.

वेळ... दोन चाळीस."