मुलांची सोय आत केली आहे

दिवा राहू दे तसाच, मला उजेडाचा त्रास होत नाही. मघाशी तुम्ही सहज म्हणालात ना, की पोरांना घेऊन दोन-तीन दिवस शहरात जाऊन यावं असं मनात आहे, म्हणून सांगते. जा, अवश्य जा. पण हॉटेलात उतरा.

आमचंही असंच ठरलं होतं. पानगळ सुरू झाली होती, शाळेला सुट्टी लागणार होती. नवरा अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. त्याला रजा मिळणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं, पण या खेपेला फुटला. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, त्यामुळे मला रजा मिळायला अडचण नव्हती. मुलगी चिऊ पाच वर्षांची, मुलगा गोटू तीनचा. चिऊला संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. गोटूला काय, दाराबाहेर नेलं तरी सहलच.

लहान पोरांना घेऊन निघायचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दूध तापवायला शेगडी हवी, ओले कपडे वाळत घालायला दोरी हवी. म्हणून मी स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर शोधत होते. एक सापडलं. जुन्या रस्त्यावर, बुटांच्या दुकानाच्या वर. लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या, बाहेर एक प्रशस्त खोली आणि आत एक लहानशी. जेवणाच्या सुट्टीत मी दुकानाच्या मागच्या खोलीतून फोन लावला.

एका पुरुषाने उचलला.

"मुलं आहेत?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"दोन. लहान आहेत, पण शहाणी आहेत."

"मग नाही. मुलं असलेल्यांना देत नाही." आणि फोन आपटला.

मला राग आला. पण आपटून घ्यायची सवय असते आपल्याला. मी डबा बंद केला, हात धुतले, तेवढ्यात त्याच नंबरवरून फोन आला. या वेळी बाई होती.

"त्यांचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. आवाज हळू होता, जरा दबलेला, उशीत तोंड घालून बोलावं तसा. "तुम्ही या. मुलांना आणा. मुलांना आणायला विसरू नका."

मी हसले. "मुलांना कोण विसरेल हो?"

ती हसली नाही. "विसरतात," म्हणाली.

मला वाटलं, बायको असेल त्याची. नवरा तुसडा, बायको विक्षिप्त, घरोघरी मातीच्या चुली. घर मात्र छान होतं. मी हो म्हटलं.

त्यानंतर ती रोज फोन करू लागली. मुलं काय खातात? अंधाराला घाबरतात का? धाकटा रात्री उठतो का? माझ्याशी बोलताना तिच्या स्वरात एक प्रकारचा कंटाळा असायचा, जणू मी मध्ये आलेली कोणी होते. एका संध्याकाळी दूध उतू गेलं म्हणून मी फोन चिऊच्या हातात दिला आणि शेगडीकडे धावले. परत आले तर पोरगी खिडकीशी उकिडवी बसलेली, फोन कानाला घट्ट लावून, मान हलवत, "हो... हो... कळलं," असं मोठ्या माणसासारखं म्हणत. मी फोन घेतला तेव्हा तो बंद झाला होता.

"काय म्हणाली गं बाई?"

"कुणी कुठे झोपायचं ते," चिऊ म्हणाली. "मी आणि गोटू आतल्या खोलीत. तू आणि बाबा बाहेर, दाराजवळ."

"दाराजवळ का?"

"तुम्हाला परत जायचंय ना."

तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी अर्थच कळला नाही. मग कळला. परत जायचं होतं ते फक्त आम्हा दोघांना. नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं. तो रोज माणसं मरताना बघतो, सहसा घाबरत नाही. पण जेवता जेवता त्याचा घास हातातच राहिला. "हॉटेल बघ," एवढंच म्हणाला. सहल रद्द करायचा प्रश्न नव्हता. कुणा खुळ्या बाईच्या बोलण्याने पोरीचा देवमासा का बुडवायचा?

मी फोन करून तिला सांगितलं, की आम्ही दुसरीकडे उतरतोय.

ती म्हणाली, "असू दे. रस्ता तिला सांगितलाय मी."

मी तो नंबर ब्लॉक करून टाकला.

शहर तसं चांगलं होतं. हॉटेल स्टेशनजवळचं, खोली जेमतेम, पण दाराला भक्कम कडी. सकाळी देवमासा बघितला. त्याच्या बरगड्यांखाली गोटूने लोळण घेतली, पहारेकरी खेकसला. त्या शहरात सगळेच खेकसत होते. दुपारी गोटू झोपेने पेंगायला लागला, म्हणून नवरा त्याला खांद्यावर टाकून हॉटेलवर गेला. वारं बोचरं सुटलं होतं, चिऊचे कान लाल झाले होते. तिला लोकरीची टोपी घ्यावी म्हणून आम्ही दोघी बाजारात शिरलो.

टोपी घेतली. बाहेर पडलो. चिऊने माझं बोट धरून ओढलं.

"इकडून चल आई. इकडून जवळ आहे."

मला वाटलं, खेळण्यांचं दुकान दिसलं असेल. मी ओढली गेले तिच्या मागे. एक वळण, मग दुसरं. रस्ता अरुंद झाला, पानांचा ओला, कुजका वास येऊ लागला. ऊन असूनही त्या गल्लीत संध्याकाळ झाल्यासारखं होतं. चिऊ एकदाही थांबली नाही, एकदाही तिने वर बघितलं नाही. आणि मग चामड्याचा आणि सरसाचा वास आला. समोर बुटांचं दुकान होतं. त्याच्या शेजारी एक उघडं दार आणि वर जाणारा लाकडी जिना.

मी थबकले, तेवढ्यात तिने बोट सोडवून घेतलं आणि ती जिन्यात शिरली.

"चिऊ!"

मी धावले. दुकानातून एक दणकट म्हातारा हातात हातोडी घेऊन बाहेर आला. "ए बाई! वर जायचं नाही!" तो ओरडला, आणि माझ्या मागोमाग धाडधाड जिना चढू लागला. फोनवरचा तोच आवाज.

वरचं दार सताड उघडं होतं. बाहेरची मोठी खोली रिकामी. एक मोठा पलंग, भिंतीला नव्हे, अगदी जिन्याकडच्या दाराजवळ ठेवलेला. आणि खोलीच्या टोकाला लहान दार. त्याला बाहेरून जाडजूड लोखंडी कडी, खाली आणखी एक. चिऊ टाचा उंचावून वरच्या कडीपर्यंत हात पोचवत होती.

"हे बाहेरचं दार मी कुलपात ठेवून गेलो होतो," म्हातारा माझ्या मागे धापा टाकत म्हणाला. मग माझ्यावरच कडाडला, "तुम्ही त्याच ना? आवाज ओळखला मी. नाही म्हटलं तर कळत नाही का? रोज फोन! रोज! मुलांना घेऊन येणारच म्हणे... खोली गरम करून ठेवा म्हणे... काल तर शिव्या दिल्यात मला!"

"मी? मी एकदाच फोन केला तुम्हाला. नंतर तुमच्या बायकोनेच..."

"कसली बायको? माझं लग्न झालेलं नाही."

त्याच्या हातातली हातोडी खाली आली.

तेव्हा आतून आवाज आला. त्या बंद, कड्या लावलेल्या दाराच्या आतून.

"चिऊताई... आलीस का गं माझी सोनी?"

तो माझा आवाज होता. माझ्यासारखा वगैरे म्हणत नाही मी. पोरगी शाळेतून आली की मी स्वयंपाकघरातून जशी हाक मारते, 'सोनी'वर जसा हेल काढते, अगदी तशी ती हाक होती. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते.

"आले आई!" चिऊ दाराला म्हणाली.

मी झेप घेऊन तिला धरलं. "चिऊ, मी इथे आहे. बाळा, इकडे बघ."

तिने बघितलं. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने हात धरला तर मूल जसं बघेल, तसं. डोळ्यांत भीती, आणि त्या भीतीखाली राग.

"सोडा मला, काकू," ती म्हणाली. "मला आईकडे जायचंय."

अहो, पोटच्या पोरीने 'तू'चं 'तुम्ही' केलं, त्याला एक क्षणही लागला नाही.

तिची बोटं कडीला घट्ट चिकटली होती. म्हातारा पुढे आला. मला वाटलं, मारतोय की काय. पण त्याने हातोडी टाकली, गुडघ्यावर बसला आणि तिचं एकेक बोट सोडवू लागला. ती चावली त्याला. रक्त आलं. आत दारावर कुणी तरी हळूच नखं ओढत होतं, आणि माझाच आवाज आता गोड राहिला नव्हता. "तिला सोड," तो म्हणत होता. "तुला दुसरा आहे ना... तिला सोड..."

"जा!" म्हाताऱ्याने बोटं सोडवली आणि पाठ दाराला लावून उभा राहिला. "जा म्हणतो ना, बाई!"

मी पोरीला काखेत मारून जिना उतरले. पण खाली आले म्हणजे सुटले असं झालं नाही. चिऊ हातपाय झाडत किंचाळत होती. "काकू सोडा! काकू, मला आईकडे सोडा!" गल्ली संपून मोठा रस्ता लागला, तशी माणसं थांबू लागली. एका बाईने छत्री आडवी घालून माझी वाट अडवली.

"कुणाची मुलगी आहे ही?"

"माझी."

बाई खाली वाकली. "बाळ, ही तुझी आई आहे का गं?"

चिऊने हुंदके देत नाही म्हणून मान हलवली.

मग काय विचारता. घोळका जमला. "काकू म्हणतेय तुम्हाला!" "धरून ठेवा हिला." कुणी तरी माझं मनगट पिरगाळलं, कुणी चिऊला माझ्याकडून ओढून घेतलं. ती त्या परक्या बाईच्या कुशीत जाऊन गप्प झाली. माझ्या कुशीत किंचाळणारी माझी पोर. मी कशीबशी फोन काढून नवऱ्याला एवढंच म्हणू शकले, "ये... गोटूला घेऊन ये."

तो आला. धावतच आला, गोटू खांद्यावर. घोळका फाकला. गोटूने झोपेतले डोळे चोळले, मला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. "आई! कडेवर!" तेवढ्यावर माझी सुटका झाली. चिऊ बापाच्या पायाला बिलगली.

"बाबा," ती म्हणाली, "आई वरच राहिली."

आम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. पुढचे कित्येक दिवस ती मला 'तुम्ही' म्हणायची. काकू, मला पाणी देता का? काकू, आई कधी येणार? डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, धीर धरा. मी धीर धरला. स्वयंपाक करायचे, काचा घासायचे, रात्री तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकायचे. गोटूला हाक मारताना मी आवाज बदलून मारायचे, माझा मलाच आवाज नकोसा झाला होता. मग एका सकाळी वेणी घालताना ती वैतागून म्हणाली, "आई, ओढू नकोस ना गं." मी तशीच कंगवा हातात धरून रडत बसले. ती म्हणाली, "काय झालं तुला?" तिला त्यातलं काहीएक आठवत नाही. आता चांगली आहे. शाळेत जाते, भांडते, हट्ट करते. मी तो विषय काढत नाही.

इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण परवा भर दुपारी दुकानात काम करत होते, समोर गिऱ्हाईक बसलेलं, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. उचलला तर तो म्हातारा होता. त्याचा तो खेकसणारा आवाज पार बसला होता.

"बाई... तुम्ही कुठे आहात?"

"कामावर. का?"

"नक्की ना?" तो म्हणाला. "मग हे ऐका."

त्याने फोन कशाला तरी टेकवला. लाकूड असावं. आधी नुसती घरघर. मग मी. मी कुणाला तरी थोपटत होते, हळू, तालात, अंगाईच्या चालीवर काही तरी पुटपुटत. आणि एक मूल झोपाळू आवाजात विचारत होतं, "आई, ती बाहेरची बाई गेली का?"

मुलगा होता तो. गोटूएवढाच. पण गोटू नव्हे. माझा नव्हे.

"गेली रे राजा," माझा आवाज म्हणाला. "ती कधीच गेली."

म्हाताऱ्याने फोन परत कानाला लावला. "कड्या लागलेल्याच आहेत बाहेरून. मी आत्ता साफसफाईला वर आलो..."

"घरात कोण उतरलं होतं?" मी विचारलं.

"एक जोडपं. आज सकाळी गेलं."

"मुलं असलेल्यांना देत नाही ना तुम्ही?"

"दोघंच होते," तो म्हणाला. "आले तेव्हा मी दुकानात नव्हतो, किल्ली त्यांची त्यांनीच घेतली. जाताना दोघंच होते. हसत होते, खूश होते. मी सामान ठेवायला मदत केली. मोटारीत मागे लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती, पट्ट्यांची... त्यावर अर्धवट खाल्लेलं बिस्कीट होतं. मी म्हटलं, ही कुणाची? तर ती बाई कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली. आणि मग तिने मलाच विचारलं, अहो, ही आमच्या गाडीत कुणी ठेवली?"