जळबाचा ट्रम्पेट

सेनगावच्या बँडवाल्या परमेश्वर मास्तरांचा अल्बम लग्नात पंगत बसली की लागायचा. नुसती वाद्यं, धांगडधिंगा नाही. पुरी-भाजी जेवताना कानाला बरा वाटेल असा संथ ट्रम्पेट. त्या अल्बमवरच बँडला सुपाऱ्या मिळत. वेष्टनावर फोटो मास्तरांचा, नावही मास्तरांचंच. ट्रम्पेट वाजवला होता मात्र त्यांच्या बँडमधल्या जळबाने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

जळबा माघात वारला. त्यांच्या बँडची जुनी रीत होती, फुंकून वाजवणारा गेला की वाद्याचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचं तोंड, त्याच्या मुठीत ठेवून मगच तिरडी उचलायची. जळबाच्या बायकोने, सखुबाईने, तो मागितला.

"सामान बँडचं हाय, वहिनी," मास्तर म्हणाले आणि तो स्वतःच्या ट्रम्पेटला बसवला. लोभच तो, पण गावात त्याला व्यवहार म्हणतात.

पुढे अल्बम बिघडू लागला. आधी पहिल्या धूनचा शेवटचा सूर गेला, मग दुसरी अर्धी. ढोल, क्लॅरिनेट जागच्या जागी. ट्रम्पेटची जागा तेवढी रिकामी. मास्तरांनी नांदेडहून मूळ रेकॉर्डिंग आणलं. तिथेही तेच. लोकांच्या मोबाइलमध्येही तेच.

जवळा बाजारच्या लग्नात भर दुपारी, पंगत बसलेली असताना, अल्बममधला ट्रम्पेट पुरता गेला.

"आल्बम राहू द्या, मास्तर," वरबाप म्हणाला. "तुमीच वाजवा की. बराबर तीच धून."

सगळा मांडव बघत होता. इथे फजिती झाली तर नाव जाणार, नावामागे बँड. मास्तरांना मनातून जळबाचा रागच आला, मेल्यावरही छळतो. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला.

माउथपीस ओला होता. कोमटही.

त्यांनी फुंकलं. सूर आला नाही. पुन्हा फुंकलं. वारा आत जात होता, बाहेर येत नव्हता.

लग्नांत वाढायला जाणारी सखुबाई पुऱ्यांची परात घेऊन समोर थांबली.

"काहून थांबलात, मास्तर? फुका की. ते तर आजारपणातबी फुकून राहिले होते."

मास्तरांच्या छातीत दम उरला नव्हता. त्यांनी हातानेच खूण केली, अल्बम लावा.

अल्बम लागला. ढोल आला, क्लॅरिनेट आलं. रिकामी जागा आता भरली होती.

सूर नव्हता. कुणीतरी धापा टाकत होतं.

मास्तरांनी श्वास रोखून धरला. स्पीकरमधली धाप थांबली.

सखुबाई पुऱ्या वाढत पुढे गेली. पंगत शांतपणे जेवत राहिली.