तारांवरचा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरोखर घडलंय. आणि ताई भित्री नाही हं! भूत समोर आलं तर त्याच्याशीही वाद घालेल, अशी आहे.

रात्र वगैरे नव्हती. बुधवार होता. दुपारचे साडेतीन. जागा, तिची स्वतःची खोली.

ताईकडे एक जुनी, सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार होती. दिसायला झकास! पण अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडली, की सतत गुणगुणायची.

घूंऽऽऽ...

"तुझ्या गिटारमध्ये माशी अडकलीय का गं?" धडधड म्हणाली. (ताईच्या बँडमध्ये ड्रम वाजवते, म्हणून धडधड.) "शनिवारी रेकॉर्डिंग आहे. ही माशी घेऊन आलीस, तर तुझ्या जागी दुसरी कोणीतरी वाजवेल. आधीच सांगून ठेवते."

ताईला मिरच्या झोंबल्या. दोन वर्षं बोटांची सालटं काढून ती त्या बँडमध्ये शिरली होती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. अशा गिटारच्या तारांवर हात ठेवला, की ती गुणगुण थांबते. हात उचलला, की परत सुरू. माणसाच्या अंगामुळेच होतं ते. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा.

तर बुधवारी गिटार स्टँडवर होती. अॅम्प चालू. ताई पलंगावर बसून शाळेचे बूट काढत होती.

घूंऽऽऽ...

आणि गुणगुण थांबली.

ताईने वर पाहिलं. अॅम्पचा लाल दिवा चालूच होता. गिटारजवळ कोणी नव्हतं.

दहा-बारा सेकंद गेले.

मग... घूंऽऽऽ.

"लूज वायर," ताई म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली, कारण खोलीत ती एकटीच होती.

गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी जास्त वेळ. ताई वैतागली. आणि चेष्टेनेच म्हणाली, "ए, हात काढ."

...

घूंऽऽऽ.

ताईचं हसू ओठांवरच वाळलं.

"बंद कर गं ते! डोकं उठलं माझं!" स्वयंपाकघरातून मावशी ओरडली.

"आई, तू आत्ता इकडे आली होतीस?"

"हो, मला दुसरे उद्योगच नाहीत ना!"

दुसरी कोणी असती, तर धूम पळाली असती. पण ताई पडली हट्टी. हळूच म्हणाली,

"ठेव."

आवाज थांबला.

लगेच.

ताईने भिंतीतला प्लगच उपटला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती गिटार पाठीवर टाकून थेट सोल्डरकाकांच्या दुकानात. हे काका वाद्यं दुरुस्त करतात, आणि त्यांच्या तोंडाची टकळी हातांपेक्षा जोरात चालते.

"काका, ही गुणगुण कायमची घालवा."

"एवढंच ना? नवे पिकअप बसवू. तारांचा आवाज पकडतात ना, ते. आतून तांब्याची पट्टी लावू. गुणगुण गायब! आणि आवाज असा भरदार येईल, की तुझी गिटार तूच ओळखणार नाहीस."

"आणि... ती मध्येच आपोआप थांबते, त्याचं?"

"हात न लावता? छे! वायरचा टाका सुटला असेल."

त्यांनी गिटार अॅम्पला जोडली. लाकडी काडीने एकेक वायर हलवून पाहिली. घूंऽऽऽ चालूच.

"टाके तर पक्के आहेत गं..."

आणि आवाज थांबला.

काकांनी आधी ताईचे हात पाहिले. दोन्ही दप्तराच्या पट्ट्यांवर होते. मग स्वतःचे पाहिले. एकात काडी. दुसऱ्यात चष्मा.

त्यानंतर काकांनी चष्मा चढवला. सगळं काम मुकाट्याने केलं. तब्बल दोन तास!

गिटार हातात देताना म्हणाले, "आता आवाज येणार नाही."

ताई दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून म्हणाले, "आवाज येणार नाही... मी फक्त एवढंच केलंय, पोरी."

शनिवारी ताईने रेकॉर्डिंग गाजवलं. एकेक सूर कसा स्वच्छ, भरदार!

"ही तीच गिटार?" धडधड किंचाळली. "मेली वाटतं माशी! तुझी जागा पक्की, बाई!"

ताई नाचतच घरी आली. गिटार स्टँडवर ठेवली. अॅम्प लावला.

काहीच नाही. शांत. एकदम शांत.

ती खुशीत ऐकत बसली... आणि मग तिचं लक्ष तारांकडे गेलं.

आधी गुणगुण थांबायची, म्हणून कळायचं. आता गुणगुणच नाही. मग थांबणार काय?

हात आहे की नाही... कळणार कसं?

तेव्हापासून ताई वाजवायच्या आधी दोन बोटं तारांवर टेकवते. पोलादी तारा, तासन्‌तास नुसत्या पडून असतात. गारच असायला हव्यात. ती म्हणते, असतात.

परवा मी तिच्याकडे राहायला गेले. ताई अजून शाळेतून यायची होती. मावशी बाहेर गेली होती. खोलीत मी एकटी. गिटार सकाळपासून स्टँडवर.

मी सहज बोट लावलं.

तारा... कोमट होत्या.

ताईला मी अजून सांगितलेलं नाही.