चार पेनल्टी, एकच कोपरा

"बाई, लगेच मैदानावर या. संघात फितूर आहे." प्रशिक्षक शिवयोगी सरांनी फोनवर एवढंच सांगितलं.

दुर्गाबाई पोचल्या तेव्हा मुली पत्र्याच्या शेडखाली बसल्या होत्या. आदल्या दिवशी शालेय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना त्या पेनल्टीवर हरल्या होत्या. राखीव गोलरक्षक ऋतुजा एकटीच बाहेर उन्हात उभी होती.

दुर्गाबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. या संघाच्या सामन्यांची आणि सरावाची नोंद त्या तीन वर्षं वहीत करत होत्या. कोणाचा पास कुठे गेला, कोण कुठे कमी पडलं, सगळं आकड्यांत. दर रविवारी त्या घरी दहावीच्या मुलींना फुकट शिकवायच्या. मुलगी कोणत्याही शाळेची असो. जी येणार नाही तिला गृहपाठ मैत्रिणीने पोचवायचा, हा तिथला नियम.

"चार वाजता जिल्हा निवडीची यादी पाठवायची आहे," सर म्हणाले. "ऋतुजाचं नाव मी काढतोय. पायलच्या जागेवर डोळा होता हिचा."

"पुरावा?"

"परवा हिनं समोरच्या संघाच्या कर्णधाराला कागद दिला. त्या राजेश्वरीला. पायलनं बघितलंय."

मुख्य गोलरक्षक पायल वैरागची, नववीतली. "व्हय बाई," ती म्हणाली. "शाळेच्या मागं, गेटापाशी. लई हळू बोलत हुत्या."

"राजेश्वरी रविवारी आली नव्हती. गृहपाठ असेल."

"मग तसं म्हणायला हिला काय होतंय?" सर म्हणाले. "सकाळपासून विचारतोय."

प्रश्न बरोबर होता. बाई ऋतुजाजवळ गेल्या.

"कसला कागद होता?"

ऋतुजाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला न्हाय सांगायचं."

"नाव जाईल तुझं यादीतून."

"जाऊ द्या की."

बाईंनी सरांच्या मोबाइलवर सामना पाहिला. चार पेनल्टी. चारही पायलच्या डावीकडे गेल्या. पायल चारही वेळा उजवीकडे झेपावली. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"सर, फटके बघा. किती हळू आहेत. कोपऱ्याची खात्री नसली की पोरं जोरात मारतात. यांना खात्री होती."

"तेच म्हणतोय मी."

"ऋतुजा, सरावात पायल कुठे झेप घेते?"

"मला काय माहीत? पंधरा दिवस तापानं अक्कलकोटला घरी पडले हुते. शनिवारी आले."

बाईंनी वही उघडली. पेनल्टीचा सराव त्याच पंधरवड्यातला होता. ऋतुजाने तो पाहिलाच नव्हता. मग तिने सांगितलं काय?

बाई गेल्या तेव्हा राजेश्वरीच्या घरात चार यंत्रमाग चालू होते. तिथे कुजबूज शक्य नव्हती. प्रश्न ओरडूनच विचारावा लागला.

"पायल उजवीकडे झेपावते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय बाई!"

"मग कळलं कसं?"

"पाचव्या उदाहरणात हाय की!"

तिने दप्तरातून कागद आणला. बाईंचंच अक्षर. *एका गोलरक्षकाने सरावातील २० पेनल्टींपैकी १६ वेळा उजवीकडे व ४ वेळा डावीकडे झेप घेतली. पुढील झेप डावीकडे असण्याची संभाव्यता काढा.*

"तुम्ही सगळी उदाहरणं तुमच्या मैदानावरचीच घालता," राजेश्वरी म्हणाली. "पाचात एक आलं. मग मी पोरींना सांगितलं, पायलच्या डावीकडं मारा. चुकलं का माझं?"

"नाही. उत्तर बरोबर आहे."

बाई तो कागद घेऊन मैदानावर परतल्या तेव्हा पावणेचार झाले होते. त्यांनी सगळ्या मुलींना जवळ बोलावलं आणि वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं. फटके हळू होते, म्हणजे माहिती पक्की होती. पक्की माहिती मोजल्याशिवाय मिळत नाही. सरावात मोजणारं माणूस एकच होतं. ऋतुजाने दिला तो गृहपाठच होता आणि तो मीच पोचवायला सांगितला होता.

"फितूर मी आहे," त्या म्हणाल्या. "नकळत. पण मीच."

सरांनी खिशातली यादी काढली, खाली ऋतुजाचं नाव लिहिलं आणि तिला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. पण तू बोलली का नाहीस?"

"तिसऱ्या पेनल्टीला मला उदाहरण आठवलं," ऋतुजा म्हणाली. "बाईंचं नाव कसं घेणार?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथे ठेवायचा आपल्याला हक्क आहे का, असं वाटून लगेच काढून घेतला.

पायल अजून कागद वाचत होती. तिला तो पहिल्यांदाच दिसत होता.

"बाई, हे तुमाला कधी कळलं? सोळा वेळा उजवीकडं?"

"आठ दिवसांपूर्वी."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

शेडखाली सगळ्या बाईंकडे पाहू लागल्या.

"आकडे छान जमले होते," बाई हळूच म्हणाल्या. "मला उदाहरण दिसलं, पायल. तू दिसली नाहीस."